मंडपात बसून राहिलेली दोन माणसं

परीक्षा जवळ आल्या की वऱ्हाडातलं ऊन बदलतं. माघातलं ऊन अंगावर बसतं, फाल्गुनातलं अंगात शिरतं. शेतं रिकामी झालेली असतात. कापसाचा शेवटचा वेचा होऊन गेलेला, पऱ्हाट्या उपटून बांधाला रचलेल्या, आणि काळ्या मातीला भेगा अशा की एखादं पोर त्यात कोपरापर्यंत हात घालून पाहतं. निंबाची जुनी पानं झडून तांबूस पालवी फुटते आणि मागोमाग मोहोर येतो. बारीक, पांढरा, कडवट गोड वासाचा. अकोल्यातल्या माझ्या शाळेच्या आवारात असे तीन निंब आहेत. त्यांच्याखाली पोरं सनावळ्या घोकत बसतात आणि उघड्या वह्यांवर मोहोर पडत राहतो. ते घोकणं ऐकून इतरांना आपलं बालपण आठवत असेल. मला माझा बत्तिसाव्या वर्षीचा भेकडपणा आठवतो.

पण आधी अभिमानाचं सांगतो. भेकडपणाकडे यायला मला थोडा वेळ लागेल.

सातपुड्याच्या पायथ्याशी, हिवरखेडच्या अलीकडे आमचं गाव. काळ्या रानाचं, कापूस-ज्वारीचं, बोलायला फटकळ. पुण्याकडची माणसं आमचं बोलणं ऐकून दचकतात. आमच्याकडे माणूस तोंडावर बोलतो असं आम्ही छाती काढून सांगतो. मीही सांगत आलो. त्या गावात एक माणूस खरोखरच तसा होता, आणि तो माझ्या गावचा होता याचा मला इतका अभिमान आहे की ती गोष्ट मी अकरा वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. सांगायला गेलो असतो तर माझंही नाव त्यात आलं असतं.

त्या वर्षी मी गावच्या शाळेत सातवीला इतिहास शिकवत होतो. पुस्तकात इंग्लंडवर पानंच्या पानं होती आणि आयर्लंडवर चार ओळी. मला त्या चार ओळींची ओढ होती. फळ्यावर मी दोन बेटं काढायचो, एक मोठं, एक लहान, मध्ये बोटभर समुद्र. सांगायचो, या लहान बेटानं मोठ्याचं राज्य शेकडो वर्षं सोसलं. दुष्काळात माणसं रस्त्याच्या कडेला मरत होती आणि धान्याची जहाजं समुद्रापलीकडे जात होती. शेवटी ते लढले, आणि आपल्या आधी पंचवीस वर्षं मोकळे झाले. बेटाचा एक तुकडा मात्र तेवढा मागं राहिला.

एकदा शांतानं हात वर केला. शांता म्हणजे दौलतची मुलगी, बौद्ध वस्तीतून सातवीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी. ती उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, आता ते एकामेकाच्या घरी पानी पेतात काय?"

आमच्या शाळेत रांजण एका कोपऱ्यात होता आणि शांताच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. दीक्षा घेऊन वस्तीला दीड वर्ष होत आलं होतं, पण रांजणाला ते कळलं नव्हतं. मी म्हणालो, "पुस्तकात नाही ते." ती खाली बसली. तिचं समाधान झालं नाही हे तिच्या मानेवरून दिसत होतं.

शाळेची नवी इमारत झाली होती. बक्षीस समारंभ आणि उद्‌घाटन एकदमच करायचं ठरलं. माझे चुलते शाळा समितीचे अध्यक्ष. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे, मी काका म्हणायचो. काकांच्या मनात पाहुणा ठरलेला होता. डोंगराच्या पायथ्याशी मिशनचा दवाखाना होता, तिथं वर्षभरापूर्वी एक नवा गोरा डॉक्टर आला होता, मलोनी नावाचा. काका म्हणाले, "गोरा मानूस मंडपात बसला म्हनजे सभेले वजन येते. इंग्रजी तुलेच येते, तूच जाय."

मी सायकलनं गेलो. व्हरांड्यात डॉक्टर मलोनी आणि दवाखान्याच्या मेट्रन, मिस बेकर, चहा घेत बसले होते. डॉक्टर पन्नाशीचे, उंच, उन्हानं मानेची कातडी सोललेली. मी रस्ताभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की एका इंग्रज पाहुण्याचा आमच्या गावाला लाभ व्हावा. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मिस बेकर मोठ्यानं हसल्या. "याला शिवी द्या, चालेल. इंग्रज म्हणू नका. इंग्रज मी आहे."

मी ओशाळलो. फळ्यावर बेटं काढणारा मी, आणि माझ्याच तोंडून हे निघालं होतं. सावरायला म्हणून शांताचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. मिस बेकरना गंमत वाटली. "पाणी? आम्ही रोज एका किटलीतला चहा पितो. पण यानं शस्त्रक्रिया चांगली केली की मी म्हणते, लंडनच्या तोडीची झाली. मग हा दिवसभर बोलत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आपल्या वडिलांचं सांगितलं. इंग्रज जमीनदाराची गाडी रस्त्यानं गेली की वडील टोपी काढून कडेला उभे राहत. पुढं राज्य गेलं, जमीनदार गेला, त्याच्या घरात शाळा भरू लागली. तरी कुठलीही मोठी गाडी दिसली की म्हाताऱ्याचा हात टोपीकडे जायचा. मग तो स्वतःच्याच हाताला शिव्या द्यायचा. "कायदा एका दिवसात बदलतो," डॉक्टर म्हणाले, "हाताला फार वेळ लागतो."

मी ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवलं. आजही हे लिहिताना माझी लेखणी "दौलत" असंच लिहिते आहे. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला भरवस्तीत एकेरी हाक मारायचो. तो मला गुरुजी म्हणायचा.

काकांना मी सांगितलं, "काका, ते इंग्रज नाहीत. आयर्लंडचे आहेत. त्यांचा देश इंग्रजांशी लढून मोकळा झाला."

काका अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "अबे, गोरा तो गोरा. मुंबईचा आन अकोल्याचा तुले येगळा दिसते. त्याले दिसते काय? तसंच आपलं."

गावात कार्य असलं की डफडं वस्तीनं वाजवायचं, मंडपाबाहेर उभं राहून, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. दीक्षेनंतर वस्तीनं डफडी खाली ठेवली ती ठेवलीच. तरी काकांनी मला दौलतकडे पाठवलं. दौलत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पलटणीत बिगुल वाजवणारा होता. त्याच्यासारखं वाजवणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तो अंगणात बाजेची दोरी आवळत होता. हात न थांबवता म्हणाला, "गुरुजी, शांतीले बक्षीस आहे ना? मंग मी येईन. मंडपात येईन, सतरंजीवर बसीन. वाजवनार नाही."

"काकांना काय सांगू?"

"मी जे बोललो थेच सांगा."

मी काकांना सांगितलं, दौलतच्या छातीत दुखतं. पाहा, तेव्हापासूनच मी लोकांच्या अंगाला दुखणी चिकटवत होतो.

मग अकोटहून बँड आणला. बँडमास्तर म्हातारा, मिशा रंगवलेल्या. काकांनी त्याला विचारलं, गोरा साहेब आल्यावर काय वाजवतो? तो म्हणाला, जे दरबारात वाजवायचो तेच, साहेबाची सलामी. काका खूश. मी तिथंच उभा होतो. इंग्रजांच्या राज्याची सलामी, आणि ती ज्या माणसाला इंग्रज म्हटलेलं खपत नाही त्याच्यापुढे! एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. मी तोरणाची दोरी आवळत राहिलो.

तो दिवस मला वासासकट आठवतो. नव्या चुन्याचा वास, शिंपडलेल्या पाण्यावर तापत्या मातीचा वास, बायकांच्या गजऱ्यांचा आणि बँडवाल्यांच्या लोकरी कोटातल्या घामाचा. मंडप गच्च भरला होता. शेजारच्या दोन गावांची मंडळी आली होती. डॉक्टर व्यासपीठावर बसले. बँडमास्तरानं काठी उचलली आणि ती धून सुरू झाली.

आणि गाव उभं राहिलं. पुढच्या ओळीतले म्हातारे आधी उठले, हात अंगाला सरळ चिकटवून. त्यांच्यामागे बाकीचे, मग पोरं, मग बायका. कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रज जाऊन दहा वर्षं झाली होती, याच शाळेत आम्ही दर पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवत होतो. पण कानावर ती धून आली आणि पाय उठले. माझेही उठले. बेचाळीसच्या चळवळीत मी कॉलेजात घोषणा दिल्या होत्या, त्याच पायांनी मी ताठ उभा होतो.

डॉक्टर बसून राहिले. मांडीवर हात, नजर समोर. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं तर मंडपाच्या पार मागं, उभ्या माणसांच्या पायांतून, सतरंजीवर मांडी घालून बसलेला दौलत दिसला. डोक्याला स्वच्छ पांढरा फेटा. ज्या पलटणीत त्यानं ही धून शेकडो वेळा उभं राहून ऐकली असेल, वाजवली असेल, ती पलटण त्यानं त्या क्षणी अंगावरून झटकून टाकली होती. शेकडो उभ्या माणसांत दोघंच बसलेले, एक दूरच्या बेटावरचा आणि एक आमच्या गावचा. मला सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले. वाटलं, हा आमचा माणूस आहे! आमच्या मातीत असा माणूस निपजतो.

एवढं वाटूनही मी उभाच होतो.

धून संपली. कुजबुज सुरू झाली. काका माझ्याकडे झुकले, "साहेबाले बरं नाही काय?" तेवढ्यात डॉक्टर बोलायला उठले. ते इंग्रजीत बोलणार, मी मराठीत सांगणार, असं ठरलेलं. ते अगदी सावकाश बोलले, मला समजावं म्हणून. ते म्हणाले, "ही धून ऐकून मी उठलो नाही, राग मानू नका. माझ्या देशानं हिच्यापुढे उभं राहायचं बंद केलं, त्यासाठी माझ्या गल्लीतली माणसं मेली. मला वाटलं होतं, तुम्हीही बंद केलं असेल. तिकडे मागं एक गृहस्थ बसून राहिले आहेत. त्यांना मी ओळखत नाही. पण आज या मंडपात माझा मान कुणी केला असेल, तर त्यांनी."

सगळा मंडप माझ्या तोंडाकडे पाहत होता. काका पाहत होते. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब म्हणतात, त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून उभं राहता आलं नाही. माफी असावी."

मंडप हळहळला. बायकांतून एक म्हातारी ओरडली, "एरंडाचं तेल चोळ म्हना त्याले, बाप्पा!" हशा पिकला. डॉक्टर हसले नाहीत. वर्षभरात त्यांना मराठीतले शब्द आले होते ते रोग्यांचेच. ताप, खोकला, दुखते, गुडघा. माझ्या एवढ्या मोठ्या भाषेतून मी नेमके त्यांना कळणारे दोन शब्द उचलले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलो नाही.

बक्षिसं झाली. शांतानं इतिहासाचं पहिलं बक्षीस घेतलं. निघताना डॉक्टर जीपपाशी थांबले, आणि माझ्यासमोर दोन्ही हात पुढे करून खाली बसले, उठले, बसले, उठले. "दुखत नाही," ते मराठीत म्हणाले. पोरांना वाटलं, साहेब उठाबशा काढून दाखवतो आहे. ती टाळ्या वाजवू लागली. जीप निघाली. ती सडकेला लागली नाही, वस्तीकडे वळली. तासभर दौलतच्या अंगणात उभी होती. त्या दोघांना दुभाष्या लागला नाही.

आता खरं सांगायचं ते सांगतो. साहेबाचा गुडघा दुखत होता, मग दौलतचं काय दुखत होतं, छातीत दुखणाऱ्याला उभं राहता येत नाही काय? हा प्रश्न काकांनी दुसऱ्याच दिवशी समितीत विचारला. पाहुण्याचा अपमान झाला, गावाची मान खाली गेली. दौलतनं चावडीपुढे येऊन सर्वांसमोर हात जोडून माफी मागावी. तोवर त्याच्या पोरीचा हजेरीचा दाखला परीक्षेला जाणार नाही. दाखला नाही तर सातवीची परीक्षा नाही. परीक्षेला सोळा दिवस होते.

दौलत माझ्याकडे आला. ओसरीखाली उभा राहिला. "गुरुजी, डाक्टर काय बोलला ते मले समजलं. पलटणीत सा वर्सं इंग्रजीच आयकली, हुकूम आन शिव्या. थो माह्या बाजूनं बोलला. तेवढंच कमिटीत मराठीत सांगा. माह्यासाठी नाही. पोरीची परीक्षा आहे."

मी म्हणालो, "पाहतो."

वऱ्हाडात "पाहतो" म्हणजे काय हे वऱ्हाडी माणसाला सांगावं लागत नाही. त्यानं मान हलवली आणि तो गेला.

चार दिवसांनी दवाखान्यातून समितीच्या नावानं इंग्रजी पत्र आलं. डॉक्टरांना कळलं होतं. त्यांनी सगळं भाषण पुन्हा लिहून काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, की शिक्षा करायचीच तर बसून राहिलेल्या दोघांनाही करा. काकांनी पत्र माझ्या हातात दिलं. "काय म्हनते साहेब?" मी वाचलं, घडी घातली आणि सांगितलं, "आभाराचं आहे." मंडपात घाई होती, गर्दी होती, असं मी मनाला सांगू शकतो. त्या ओसरीवर घाई नव्हती. काका, मी, आणि भिंतीवर इंग्रजी अमलातल्या साहेबाच्या सहीची जुनी सनद. मी का खोटं बोललो? काकांनी मला शिकवलं होतं, नोकरी दिली होती, हे खरं. पण त्याहून खरं हे, की त्यांच्यासमोर माझी मान आपोआप हलायची. डॉक्टरांच्या वडिलांनी निदान आपल्या हाताला शिव्या दिल्या होत्या.

शांता परीक्षेला बसली नाही. निंबाखाली बाकीची पोरं घोकत होती आणि मी त्यांचे प्रश्न काढत होतो. दौलतनं माफी मागितली नाही. चैत्रात त्यानं घराला कुलूप लावलं आणि बायकोपोरीसह अमरावतीला गेला. पुढं मला ताप आला तरी मी त्या दवाखान्यात कधी गेलो नाही, अकोटला जायचो. दोन वर्षांनी नोकरी बदलून अकोल्यात आलो. इथंही मी आयर्लंडच्या चार ओळी शिकवतो. बेटं काढत नाही.

यंदा आमच्या शाळेत परीक्षेचं केंद्र आहे. बाहेरगावच्या पर्यवेक्षकांत अमरावतीच्या मुलींच्या शाळेतल्या एक बाई आल्या, इतिहासाच्या. पांढरं पातळ, हातात प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. तिनं मला आधी ओळखलं. "नमस्कार सर. शांता, दौलतरावांची."

एक वर्ष वाया गेलं, पण ती शिकली होती. मॅट्रिक, बी. ए., बी. टी. ऐकताना माझी छाती भरून आली, आणि मग लक्षात आलं की यात माझा हक्काचा वाटा काहीच नाही. दौलतराव कचेरीत चपराशी आहेत, अजून फेटा बांधतात. मी विचारलं, त्या दिवशी डॉक्टर तुमच्या घरी काय बोलले? ती म्हणाली, "चहा प्याले. आईनं कप धुवून दिला तर म्हणाले, असाच द्या. त्यांचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत गेला होता. परत आला तर घरात कुणी त्याच्याशी बोललं नाही, मरेपर्यंत. बाबांना म्हणाले, तुम्हीही तोच कोट घातला होता, आणि आज तुम्ही बसून राहिलात. मी भावाशी वाईट वागलो. माणूस कोट काढू शकतो, हे मला माहीत नव्हतं."

मग मी तिला ते भाषण सांगितलं. मराठीत, शब्द न शब्द. अकरा वर्षांनी ते वाक्य माझ्या तोंडातून निघत होतं आणि मला वाटत होतं की काहीतरी सुटतं आहे.

ती म्हणाली, "हे मला ठाऊक आहे, सर. बाबांनी त्याच दिवशी सांगितलं होतं." मग तिची शाळेतली मराठी गळून पडली. "मले काहून सांगता? ज्यायले तुमी गुडघा सांगितला, त्यायले सांगा."

मी गेलो. गावच्या शाळेचा बक्षीस समारंभ होता, जुना शिक्षक म्हणून बोलावणं होतंच. काका पुढच्या खुर्चीत, थकलेले. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचं भाषण, त्यांचं पत्र, दौलतरावांची मागणी, माझं "पाहतो". कुणी टाळी वाजवली नाही. काका म्हणाले, "येवढ्या सालानं मढं उकरून काहाडलं, काय भेटलं तुले?" मी म्हणालो, "तुमच्यापुढे खरं बोलायला भेटलं, काका." त्यांनी तोंड फिरवलं. वस्तीतली चार म्हातारी माणसं दाराशी उभी होती. ती या वेळी आत येऊन बसली.

शांताला मी कार्ड टाकलं, सांगितलं म्हणून. आठ दिवसांनी तिचं उत्तर आलं. माफीचा शब्द त्यात नव्हता, मीही मागितली नव्हती. तिनं लिहिलं होतं, "कार्ड बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सभेत माणसं किती होती, ते विचार."

मी आठवून आठवून मोजलं. त्या फाल्गुनात मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. यंदा अर्धी बाकं रिकामी होती. त्या दिवसाचे काही वारले, काही नागपूर-मुंबईकडे गेले, काही गावातच आहेत पण आले नव्हते. दौलतरावांना मी तसंच कळवलं, की निम्मीसुद्धा नव्हती. उरलेल्यांसाठी हा लेख छापायला पाठवतो आहे. त्या दिवशी जे मंडपात होते आणि यंदा नव्हते, त्यांनी तो वाचावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना कुणीतरी वाचून दाखवावा.